समासातलं मूल

"अहो, ते लाल पेन आत ठेवा बघू," काकू म्हणाल्या. "फॉर्म भरायचाय, तपासायचा नाही."

"भरतोच तर आहे," पंत म्हणाले आणि त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं.

विमान अजून ढगांच्या वर होतं. पुढच्या विमानतळावर उतरून ज्यांना दुसरं विमान पकडायचं होतं, त्यांना हवाईसुंदरीने एकेक फॉर्म वाटला होता. नवरा-बायकोत मिळून एक. बाकीच्यांनी तो मांडीवर ठेवून भराभर भरला आणि परत डोळे मिटले. पंतांनी तो आधी डोळ्यांजवळ नेला, मग हात लांब करून धरला, आणि मग 'अरेरे' म्हणाले.

पंत हे त्यांचं खरं नाव नव्हे. एका मोठ्या छापखान्यात त्यांनी जन्मभर मुद्रितशोधकाचं काम केलं. पुस्तक छापायला जाण्यापूर्वी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका वेचून काढायच्या, हे ते काम. ऱ्हस्व उकाराच्या जागी दीर्घ पडला की त्यांना म्हणे लांबूनच वास यायचा, म्हणून छापखान्यातली मंडळी त्यांना 'उकारपंत' म्हणत. निवृत्त झाल्यावर उकार गळून पडला, पंत तेवढे राहिले. आणि लाल पेन राहिलं. दुकानांच्या पाट्या, औषधांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या, काही म्हणून त्यातून सुटायचं नाही. लेकीच्या लग्नाच्या वेळी व्याह्यांनी पाठवलेली पत्रिका त्यांनी दुरुस्त करून परत पाठवली होती. लग्न मोडता मोडता राहिलं ते केवळ काकूंच्या गोड बोलण्यामुळे. काकूंना सारी गल्ली काकू म्हणते, म्हणून आपणही काकूच म्हणू.

त्याच लेकीकडे दोघं निघाले होते. तिचं पहिलंच बाळंतपण. तारखेला अवकाश होता, पण आदल्या दिवशी तिचा फोन आला. "आई, डॉक्टर म्हणतायत आता कधीही. तू ये ना गं. आत नेतील तेव्हा तुझा हात हवा मला." लेक तशी धीट, ऑफिसात दहाजणांना गप्प बसवणारी. पण फोनवर तिचा आवाज एवढासा झाला होता. "हात धरायला मी आहे, काही घाबरू नकोस," असं काकूंनी सांगून टाकलं, आणि मिळेल त्या विमानाची तिकिटं काढली. मध्ये एकदा विमान बदलायचं होतं, आणि दोन विमानांच्या मध्ये श्वास घ्यायलासुद्धा वेळ नव्हता.

"आता काय सापडलं?" काकूंनी विचारलं.

"हे बघ. 'मुल ठिकाण'. मुल! अगं, 'मूळ' ठिकाण. मू दीर्घ आणि शेवटी ळ. तीन अक्षरी... छे, दोन अक्षरी शब्दात दोन चुका. सरकारी फॉर्म आहे हा!"

"राहू दे की. आपल्याला कुठे तिथे राहायचंय?"

पण पंतांचा हात थांबेना. 'मुल' या शब्दावर त्यांनी काट मारली, बाजूच्या समासात ठसठशीत अक्षरांत 'मूळ' असं लिहिलं आणि शेजारी एक उभी रेघ ओढली. मुद्रितशोधकांची रीतच असते तशी. दुरुस्ती समासात लिहायची आणि तिच्यापुढे रेघ मारायची, म्हणजे छापखान्यात अक्षरांची जुळणी करणाऱ्याची नजर चुकत नाही. त्याच्याच खाली बारीक अक्षरांत एक सूचना होती : 'सोबत मांडीवरचे मूल असल्यास शेजारील समासात नोंद करावी.' तीही पंतांनी वाचली. तिच्यात एकही चूक नव्हती, म्हणून ते पुढे गेले.

विमानतळावरच्या खिडकीतल्या बाईंनी फॉर्म हातात घेतला. समासात लाल शाईने काहीतरी लिहिलेलं होतं. छापणाऱ्यालाच जिथे ळ आणि ल यांतला फरक ठाऊक नव्हता, तिथे त्या बिचाऱ्या बाईंना काय बोल लावायचा? त्यांनी 'मूल' वाचलं. पुढची उभी रेघ म्हणजे एक. मूल, एक. शिवाय लाल शाईत, म्हणजे तातडीचं. त्यांनी संगणकावर टकटक केलं आणि एक छापील चिठ्ठी बाहेर सरकवली.

"काही काळजी करू नका हं," त्या मायेने म्हणाल्या. "पुढे सगळी व्यवस्था होईल."

"किती चांगली आहेत माणसं," काकू म्हणाल्या.

चिठ्ठीवर 'प्रवासी : तीन' असं छापलेलं होतं. पंतांनी ते वाचलं. 'तीन'मधली वेलांटी दीर्घ होती. बरोबर होती. त्यांनी चिठ्ठी खिशात घातली.

पुढच्या दाराशी गणवेशातली एक मदतनीस बाबागाडी घेऊन उभी होती. तिने चिठ्ठी पाहिली, दोघांकडे पाहिलं आणि हसून विचारलं, "बाळ कुठंय?"

आता आपण लेकीकडे कशाला निघालोय हे हिला कसं कळलं, असं काकूंना वाटलं. पण खिडकीतल्या बाई एवढ्या प्रेमाने बोलल्या होत्या, त्यांनीच सांगितलं असेल.

"अजून नाही हो झालं," काकू म्हणाल्या. "पण आज-उद्या होईलच."

मदतनिशीने बाबागाडीत वाकून पाहिलं, मग काकूंच्या पोटाकडे पाहिलं, मग त्यांच्या पिकल्या केसांकडे. "तुम्हाला?"

"अगं बाई, मला कशाला? आमच्या लेकीला!"

"मग तुमच्याबरोबर विमानातून उतरलं ते कुठंय?"

"काय उतरलं?"

"बाळ!"

पंतांनी घसा खाकरला. "काहीतरी चूक झालेली दिसते."

"चूक कशी होईल? संगणकात आहे ना. दोन मोठी, एक मांडीवरचं. दोघंच आत आलात. तिसरं कुठे ठेवलंत?" तिचा आवाज चढला. "विमानात विसरलात की काय?"

विसरलात हा शब्द तिने जरा मोठ्यानेच उच्चारला. आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. एवढ्यात त्यांच्याच विमानातून आलेल्या एक चष्मेवाल्या बाई गर्दीतून पुढे घुसल्या.

"मी पाहिलंय ते बाळ!" त्या म्हणाल्या. "या बाईंच्या मांडीवर होतं. लाल टोपडं घातलेलं. सगळा वेळ या त्याच्याशी बोलत होत्या. 'कसं गं बाई साजरं दिसतंय,' असं म्हणत होत्या. एकदा तर पापासुद्धा घेतला!"

काकूंचा चेहरा त्या टोपड्यासारखाच लाल झाला. टोपडं त्यांनी स्वतः विणलं होतं. विमानात त्या ते आपल्या मुठीवर चढवून बघत होत्या, आणि कोणी बघत नाही असं वाटून त्यांनी खरंच मुठीचा पापा घेतला होता.

"अहो, ती माझी मूठ होती!"

"मुठीला टोपडं?" चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. "रडलंसुद्धा नाही हो गुणी लेकरू. मी तेव्हाच म्हटलं, इतकं शांत कसं?"

या 'इतकं शांत कसं' ने सगळं बिघडवलं. मदतनिशीने हातातल्या यंत्रात काहीतरी सांगितलं आणि एक सुरक्षा अधिकारी लांब ढांगा टाकत आले. माणूस भला होता, पण कामाला चोख. त्यांनी आधी काकूंची पिशवी उघडायला सांगितली. पिशवीतून निघालं लाल टोपडं. मग झबली. मग दुपटं, पायमोजे आणि एक खुळखुळा. खुळखुळा टेबलावर ठेवताना वाजला आणि जमलेल्यांपैकी कोणीतरी 'अरे देवा' म्हणालं.

"कपडे इथे आहेत," अधिकारी गंभीरपणे म्हणाले. "म्हणजे बाळाच्या अंगावर काहीच नाही."

"साहेब," पंत म्हणाले, "बाळ आहे, पण ते इथे नाही."

"मग कुठे आहे?"

"आमच्या लेकीजवळ."

"लेक कुठे आहे?"

"दुसऱ्या गावाला."

"बाळ तिच्याकडे कोणी पोचवलं?"

"पोचवायचं काय त्यात? तिच्या पोटात आहे ते!"

अधिकाऱ्यांनी वहीत लिहिता लिहिता हात थांबवला. "म्हणजे अजून जन्मलेलं नाही?"

"नाही."

"आणि तरी तुम्ही त्याची नोंद केलीत?"

"मी नोंद केली नाही. मी शुद्धलेखन दुरुस्त केलं!"

हे वाक्य विमानतळावर कोणाला पटेल असं नव्हतं. खरं तर ते घरीही कधी कोणाला पटलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी फॉर्म मागवला. लाल अक्षरं समोर आली आणि पंतांनी उत्साहाने मूळ म्हणजे काय, मूल म्हणजे काय, मूल एकवचनी असताना दीर्घ आणि मुलं झाली की ऱ्हस्व कसं होतं, हे सगळं समजावून द्यायला सुरुवात केली.

"थांबा," अधिकारी म्हणाले. "मुलं? म्हणजे किती आहेत एकूण?"

"अहो, गप्प बसा हो तुम्ही!" काकू ओरडल्या.

तोवर छतातून घोषणा सुरू झाली होती. लाल टोपडं घातलेलं, किंवा न घातलेलं, एक शांत बाळ हरवलं आहे; दिसल्यास कळवावे. जिना बंद झाला. सामानाचा फिरता पट्टा थांबवून दोन माणसं त्याच्या खाली शिरली. एका गृहस्थांच्या मांडीवरचं गुबगुबीत बाळ तपासायला घेतलं, तेव्हा ते असं काही किंचाळलं की शांत नसल्याच्या कारणावरून ते ताबडतोब परत देण्यात आलं. आणि या सगळ्या गोंधळात, मोठ्या काचेपलीकडे, पंत-काकूंचं दुसरं विमान हळूच सरकलं, वळलं आणि निघून गेलं.

काकूंनी ते पाहिलं. त्या काचेला हात लावून तशाच उभ्या राहिल्या.

"गेलं," त्या म्हणाल्या.

पंत काहीतरी बोलणार होते, पण काकूंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

दोघांना एका छोट्या ऑफिसात बसवलं. टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर अग्निशमनाचं नळकांडं आणि दाराशी ती बाबागाडी. मदतनीस बाळ मिळाल्याशिवाय ती परत नेऊ शकत नव्हती.

"मी तुम्हाला खरं सांगू?" अधिकारी हळू आवाजात म्हणाले. "बाळ नाहीच आहे, हे मला केव्हाच पटलंय."

"मग सोडा ना आम्हाला."

"सोडलं असतं. पण अहवालात लिहायला आमच्या नियमावलीत दोनच पर्याय छापलेत. एक, 'मूल सापडले'. दोन, 'शोध चालू'. 'मूल नव्हतेच' असा पर्याय नाही. आणि शोध चालू असेल तर तुम्हाला विमानात चढता येत नाही. तसंही संध्याकाळचं विमान भरलंय. उद्या बघू."

"उद्या?" काकू म्हणाल्या. त्या अधिकाऱ्यांकडे वळल्या. पंत शेजारीच बसले होते, पण त्यांच्याशी थेट बोलायची त्यांची इच्छा उरली नव्हती. "साहेब, यांना सांगा, माझी पोर तिकडे एकटी आहे. यांना म्हणावं, जन्मभर अक्षरं वाचलीत, मजकूर कधी वाचलात का? सूचनेत काय लिहिलंय ते बघितलंत का? तिने एवढंच मागितलं होतं माझ्याकडे. हात धर म्हणाली. आणि हे उकार धरून बसले!"

अधिकारी पंतांकडे वळले. "त्या म्हणतात की..."

"ऐकलं मी," पंत म्हणाले. "त्यांना सांगा, त्यांचं बरोबर आहे. एकही चूक नाही."

तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. जावई होते. "आई, कळा सुरू झाल्यात, आत नेतायत. कुठवर आलात?"

"तिला द्या," काकू म्हणाल्या. मग फोन दोन्ही हातांत घट्ट धरून बोलू लागल्या, "हे बघ, मी वाटेत आहे. तू नवऱ्याचा हात धर, आणि माझाच आहे असं समज. लागेल तेवढं ओरड. आजूबाजूला कोण आहे बघू नकोस. ऐकतेयस ना? मी आहे." फोन बंद झाला आणि काकू पदरात तोंड घालून रडू लागल्या. अधिकारी उठून अग्निशमनाच्या नळकांड्यावरच्या सूचना वाचू लागले. मदतनीस बाबागाडी उगीचच पुढे-मागे हलवू लागली. पंतांनी घाबरत घाबरत हात पुढे केला. काकूंनी तो एकदा झिडकारला, दुसऱ्यांदा राहू दिला.

अधिकाऱ्यांनी चहा मागवला, तो गार झाला.

फोन टुणकन वाजला. काकूंचा चष्मा ओला होता, म्हणून फोन पंतांनी घेतला. जावयांचा निरोप होता : 'मुलगी झाली. दोघी सुखरुप.'

पंतांनी तो वाचला. पुन्हा वाचला. त्यांचे ओठ हलायला लागले. "झाली," ते म्हणाले. "मुलगी झाली गं. दोघी सुखरूप आहेत. दोघी! बघ, बघ, दोघी म्हणतोय तो!" आणि त्यांना एकदम हुंदका आला.

काकूंनी फोन ओढून घेतला, पदराने चष्मा पुसून वाचला आणि चमकून नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, 'सुखरूप'चा रू ऱ्हस्व लिहिलाय त्यांनी."

"असेल," पंत नाक पुसत म्हणाले. "सुखरूप आहेत ना?"

अधिकारी हे सगळं बघत होते. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "म्हणजे मूल मिळालं?"

"काय?" काकू म्हणाल्या.

"तुमच्या नोंदीत एक मूल होतं. ते आतापर्यंत कुठे दिसत नव्हतं. आता दिसलं. बरोबर?"

"बरोबर," काकू सावकाश म्हणाल्या.

"लाल टोपडं?"

"पोचल्या पोचल्या घालते!"

"शांत आहे का?"

"माझ्या लेकीची लेक आहे ती. शांत कसली असायला!"

"ते मी लिहीत नाही," म्हणून अधिकाऱ्यांनी भराभर लिहिलं आणि कागद पंतांपुढे ठेवला. "करा सही."

पंतांनी लाल पेन काढलं, कारण त्यांच्याकडे दुसरं पेनच नव्हतं. डोळे अजून भरलेले होते. त्यांनी कागदाकडे नीट बघितलंसुद्धा नाही, सरळ खाली सही केली. अधिकारी कागद उचलणार, एवढ्यात काकूंनी त्यावर हात ठेवला.

"एक मिनिट, साहेब. हे तुम्ही 'मुल सापडले' लिहिलंय. मूल दीर्घ."

"अहो बाई, आता राहू द्या की!"

"राहू द्या कसं? माझ्या नातीचा पहिला कागद आहे हा," काकू म्हणाल्या. त्यांनी पंतांच्या हातातून पेन घेतलं आणि उकार दीर्घ केला. समासात नव्हे, शब्दातच. "समासात एक रेघ नाही ओढली. नंतर म्हणू नका."

तो कागद घेऊन मदतनीस खिडकीतल्या बाईंकडे धावली. बाईंनी बघितलं : लाल सही, लाल दुरुस्ती. म्हणजे भलतंच तातडीचं. त्यांनी टकटक केलं, कुठेतरी फोन केला, आणि भरलेल्या संध्याकाळच्या विमानात कर्मचाऱ्यांसाठी राखलेल्या दोन खुर्च्या निघाल्या. यावेळी चिठ्ठीवर 'प्रवासी : दोन' होतं. पंतांनी ते वाचलं, मग आपल्याकडे बोट केलं, मग काकूंकडे, आणि मगच चिठ्ठी खिशात घातली. मदतनिशीने काकूंची पिशवी बाबागाडीत ठेवली, वर लाल टोपडं ठेवलं आणि ती दारापर्यंत ढकलत नेली. रिकामी परत न्यायची तिची मुळीच तयारी नव्हती.

विमानात बसतात न बसतात तोच लेकीचा फोन आला. आवाज थकलेला, पण पुन्हा पूर्वीसारखा मोठा.

"आई, तू सांगितलंस तशी ओरडले. डॉक्टर घाबरले. तुझ्या जावयांच्या हातावर तर वळ उठलेत, बिचाऱ्यांच्या. तू ये लवकर. आणि बाबांना दे जरा... बाबा, ऐका. इथे पाळण्याला पट्टी लावलीये, तिच्यावर 'मुल : मुलगी' असं लिहिलंय. मुल ऱ्हस्व. नर्स बदलत होती, मी हात लावू दिला नाही. म्हटलं, माझे बाबा येतायत. पेन आणताय ना?"

पंतांचा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. त्यांनी काकूंकडे पाहिलं. लाल पेन काकूंच्या पिशवीत, खुळखुळ्याच्या शेजारी, आरामात पडलं होतं. काकूंनी पिशवीची चेन लावून टाकली.

"तिथे पोचलात की देईन," त्या म्हणाल्या. "आधी नात बघायची. मग पट्टी."